फेसावरचा खोटा आरोप

फेस आणणाऱ्या सोडियम लॉरिल सल्फेटमुळे कर्करोग होतो, म्हणून शाम्पू-टूथपेस्ट सोडून रिठा-शिकेकाईकडे वळा, असा सल्ला सातारा-सांगलीतही मोबाइलवर फिरतो. १९९८च्या सुमारास ईमेलवरून हीच अफवा जगभर पसरली होती. ती आजही खोटीच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या रसायनाला कर्करोगकारक ठरवलेलं नाही. घोटाळा होतो तो त्याच्या भावंडामुळे. शाम्पूत सर्रास असणारं सोडियम लॉरेथ सल्फेट बनवताना इथिलीन ऑक्साइड लागतं आणि त्यातून १,४-डायऑक्सेनचा अंश उरू शकतो. हे डायऑक्सेन त्या संस्थेच्या ‘२ ब’ म्हणजे संभाव्य कर्करोगकारक गटात आहे. कारखान्यात ते बरंचसं काढून टाकता येतं. लॉरिल सल्फेटच्या निर्मितीत इथिलीन ऑक्साइड वापरतच नाहीत.

नैसर्गिक ते निर्धोक, हा दुसरा समज. रिठ्यातलं सॅपोनिनही तेच काम करतं: रेणूचं एक टोक पाणी धरतं, दुसरं तेल. रिठ्याचं पाणी डोळ्यांत गेलं की झोंबतं आणि माशांना ते विषारी ठरतं. उलट लॉरिल सल्फेटचं मूळ बहुधा खोबरेल किंवा पामच्या बियांचं तेल असतं आणि जिवाणू त्याचं सहज विघटन करतात.

जत, आटपाडी, माण, खटाव या पर्जन्यछायेच्या तालुक्यांत अनेक बोअरचं पाणी जड असतं. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे साध्या साबणाचा चिकट साका होतो. साबण झिजतो, केस राठ राहतात. सल्फेटवर्गीय रसायनं अशा पाण्यातही फेस देतात. तिथल्या घरांना ‘सल्फेट-मुक्त’च्या नावाखाली जास्त पैसे मोजायला लावणं अन्यायाचं आहे.

मग दोष नाहीच का? आहे. लॉरिल सल्फेट त्वचेचा दाह करतं. त्वचारोगतज्ज्ञ दाहाच्या चाचण्यांत तेच प्रमाण मानतात. १९८३ साली अमेरिकी तज्ज्ञमंडळाने निर्वाळा दिला, की धुऊन टाकायच्या वस्तूंत ते सुरक्षित आहे, मात्र अंगावर राहणाऱ्या वस्तूंत ते एक टक्क्याहून अधिक नसावं. म्हणून इसब असलेल्यांनी आणि तोंड वारंवार येणाऱ्यांनी ते टाळावं, इतरांनी नीट धुवावं. आणि उत्पादकांना एकच ठाम प्रश्न विचारावा: लॉरेथमधल्या डायऑक्सेनची तपासणी केलीत का, आणि ती वेष्टनावर का छापत नाही?