पॉवर (डेस्टिनी खेळमालिका)

बंजी या अमेरिकी कंपनीच्या ‘डेस्टिनी’ (२०१४) आणि ‘डेस्टिनी २’ (२०१७) या ऑनलाइन खेळांत पात्राजवळची शस्त्रे व चिलखत यांच्या ताकदीची सरासरी दाखवणारा आकडा. पहिल्या खेळात त्याला ‘लाइट’ म्हणत. दोन्ही खेळ लूटर-शूटर प्रकारातले. नेमबाजी करून शत्रू मारायचे, पडलेली लूट उचलायची, त्यातले बरे ते अंगावर चढवायचे आणि आणखी अवघड शत्रूंना भिडायचे, असा हा क्रम. इतर अनेक खेळांत पात्राची पातळी अनुभवाने वाढते आणि सामान ही वेगळी बाब असते. डेस्टिनीत सामान हीच पातळी ठरली. मालिकेतले बहुतेक वाद याच निर्णयातून निघाले आहेत.

गणित (‘डेस्टिनी २’मधले) : खेळाडू टायटन, हंटर किंवा वॉरलॉक यांपैकी एक वर्ग निवडतो. त्याच्याकडे आठ जागा असतात. तीन शस्त्रांच्या (कायनेटिक, एनर्जी आणि पॉवर) आणि पाच चिलखताच्या : शिरस्त्राण, हातमोजे, छातीचे कवच, पायांचे कवच आणि वर्गाची खूण असलेली वस्तू. या शेवटच्या जागी टायटन कमरेला मार्क लावतो, हंटर झगा पांघरतो आणि वॉरलॉक दंडावर बाँड बांधतो. आठही वस्तूंच्या आकड्यांची बेरीज करून तिला आठने भागले की पॉवर निघते. सात वस्तू १८०५च्या आणि शिरस्त्राण मात्र १७९७चे असेल, तर पॉवर १८०४ भरते. अशा वेळी हवे असते शिरस्त्राण आणि हाती येतात हातमोजे, तेही लागोपाठ. डेस्टिनी खेळणाऱ्यांच्या तक्रारींत ही तक्रार बहुधा सर्वांत जुनी असावी.

मालिकेच्या मोठ्या काळात वाढीला तीन टप्पे होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ‘लाइटफॉल’ विस्ताराच्या वेळी सॉफ्ट कॅप १७५०, पॉवरफुल कॅप १८०० आणि पिनॅकल कॅप १८१० अशी होती. १७५० पर्यंत रस्त्यात पडलेली कोणतीही वस्तू आकडा पुढे नेई. तिथून १८०० पर्यंत आठवड्याच्या ठरावीक कामांची ‘पॉवरफुल’ बक्षिसेच उपयोगी पडत, आणि शेवटच्या दहा अंकांसाठी केवळ ‘पिनॅकल’ बक्षिसे. म्हणजे पहिला टप्पा दोन-चार संध्याकाळींत उरकायचा आणि शेवटचे दहा अंक कित्येक आठवडे खायचे. बक्षिसांचा आठवडा दर मंगळवारी जागतिक वेळेनुसार संध्याकाळी पाच वाजता, म्हणजे भारतात रात्री साडेदहाला, नव्याने सुरू होतो. त्यामुळे इथल्या नोकरदार खेळाडूची मंगळवारची झोप बिघडते ती बिघडतेच.

पॉवरचा परिणाम मुख्यतः कमतरतेच्या बाजूने होतो. मोहिमेने मागितलेल्या आकड्यापेक्षा खेळाडू खाली असला की शत्रूचे घाव जड बसतात आणि त्याचे स्वतःचे घाव हलके पडतात. उलट, वर असण्याचा फायदा अनेक अवघड मोहिमांत मर्यादित केलेला असतो. क्रुसिबल या आपसांतील लढतींच्या विभागात तर सर्वांना सहसा एकाच पातळीवर आणले जाते. थोडक्यात, हा आकडा आत शिरायला लागतो. आत गेल्यावर टिकायला दुसरेच काही लागते.

इतिहास : डेस्टिनी ९ सप्टेंबर २०१४ रोजी बाजारात आला. अनुभवाने पातळी २० पर्यंतच जाई. पुढची पातळी चिलखतावरच्या लाइटमधून येई. तेव्हाची सर्वोच्च पातळी ३० होती. तिथे पोहोचायचे तर ‘व्हॉल्ट ऑफ ग्लास’ या सहा जणांनी मिळून खेळायच्या ‘रेड’ मोहिमेतले चिलखत लागे आणि ते मिळणे नशिबावर होते. एका वस्तूसाठी महिना-दोन महिने अडकलेल्यांनी स्वतःला ‘फॉरएव्हर २९’ असे नाव घेतले.

त्याच सप्टेंबरात जुन्या रशियातल्या कॉस्मोड्रोम भागात खेळाडूंना एक गुहा सापडली. तिच्या तोंडातून शत्रू न थांबता बाहेर येत. समोर ठरावीक अंतरावर रांगेत उभे राहायचे, गुहेत गोळ्या झाडत राहायच्या आणि मधूनमधून आत धावत जाऊन लूट गोळा करायची, एवढेच काम. मंगळ आणि शुक्र मोकळे सोडून लोक तासन्‌तास एका भोकाकडे बघत बसले. बंजीने २५ सप्टेंबरला ही सोय बंद केली. लूट मिळण्याचे प्रमाण आणि मजा यांचा हिशेब चुकला की लोक काय करतात, याचे याहून चांगले उदाहरण या प्रकारच्या खेळांत सापडणे कठीण.

‘ग्यालारहॉर्न’ या रॉकेट लाँचरची कथाही याच काळातली. खेळ सुरू होऊन दुसऱ्याच आठवड्यात झूर या फिरत्या व्यापाऱ्याने ते विकायला ठेवले, तेव्हा त्याची किंमत फारशी कोणाला कळली नाही. पुढे रेडसाठी गट जमवताना ‘ग्यालारहॉर्न असेल तरच या’ अशी अट घातली जाऊ लागली. झूरने ते पुन्हा विकले ऑगस्ट २०१५ मध्ये. पुढच्याच महिन्यात ‘द टेकन किंग’ विस्तार आला, पातळी व लाइट वेगळे झाले, लाइट म्हणजे निव्वळ सामानाची सरासरी ठरली, आणि ग्यालारहॉर्न जुन्या वर्षाच्या आकड्यावरच मागे राहिले. ‘डेस्टिनी २’ मध्ये ते डिसेंबर २०२१ मध्ये परतले. त्यासाठीच्या मोहिमेची वाट त्याच जुन्या गुहेतून जाते.

दुसऱ्या खेळातही बंजीचा हात या आकड्यांवर सतत फिरत राहिला. नोव्हेंबर २०१७ मध्ये खेळाडूंनी मोजमाप करून दाखवले की पडद्यावर दिसणारा अनुभव पूर्ण जमा होतच नाही. कंपनीने ते मान्य करून कपात काढली, पण त्याबरोबर एका पातळीसाठी लागणारा अनुभव ८०,००० वरून १,६०,००० केला आणि नवा गदारोळ ओढवून घेतला. ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘शॅडोकीप’बरोबर खेळाचा मूळ भाग मोफत झाला, तेव्हा सर्वांना सरसकट ७५० वर आणून ठेवले. नोव्हेंबर २०२० पासून जुन्या शस्त्रांना मुदत लागू झाली. ठरावीक आकड्यापुढे ती वाढवता येईनात. लोकांनी वर्षानुवर्षे जमवलेल्या बंदुका एका रात्रीत अडगळीत गेल्या. विरोध इतका झाला की काही महिन्यांतच पुढची मुदतबंदी मागे घ्यावी लागली. जुलै २०२५ च्या ‘द एज ऑफ फेट’ने पुन्हा सर्वांची पॉवर १० वर आणली आणि सामानाला एक ते पाच अशा श्रेणी दिल्या.

सज्जता : खरे बळ आकड्यात कमी आणि जुळणीत अधिक असते. खेळाडू तिला ‘बिल्ड’ म्हणतात. प्रत्येक शस्त्रावर ‘पर्क’ म्हणजे खास गुण असतात. लेव्हियाथन या जुन्या रेडमधली ‘मिडनाइट कू’ ही हॅन्ड कॅनन पाहा. तिच्या ‘आउटलॉ’ पर्कमुळे डोक्यात नेमकी गोळी घालून शत्रू मारला की पुढची भरणी झटक्यात होते, आणि ‘रॅम्पेज’मुळे दर बळीगणिक थोडा वेळ घाव वाढतो. दोन्ही मिळून एक लय तयार होते. नेम धरा, मारा, भरा, आणखी जोराने मारा. पॉवरच्या आकड्याने ही लय येत नाही. सुरुवातीला ‘डेस्टिनी २’ मधल्या शस्त्रांचे पर्क ठरलेले असत. सप्टेंबर २०१८ च्या ‘फोर्सेकन’पासून ते पुन्हा यादृच्छिक झाले आणि हव्या त्या जोडीसाठी, म्हणजे ‘गॉड रोल’साठी, तीच बंदूक पुन्हापुन्हा मिळवण्याचा उद्योग सुरू झाला.

एक्झॉटिक, म्हणजे सर्वांत दुर्मीळ दर्जाच्या, वस्तूंची गोष्ट वेगळी. एका वेळी एकच एक्झॉटिक शस्त्र आणि एकच एक्झॉटिक चिलखत वापरता येते, त्यामुळे निवडीला अर्थ उरतो. हंटरचे ‘सेलेस्टियल नाइटहॉक’ शिरस्त्राण त्याच्या गोल्डन गन या खास शक्तीच्या अनेक गोळ्या काढून घेते आणि बदल्यात एकच प्रचंड गोळी देते. झुंडीपुढे ते निरुपयोगी, बॉसपुढे अमूल्य.

चिलखतावरचे गुणांक हा तिसरा भाग. २०२५ पर्यंत ते दहा-दहाच्या टप्प्यांत मोजले जात, म्हणजे ७९ असले तरी लाभ ७० चाच. आता कमाल २०० पर्यंत जाणारे नवे सहा गुणांक आहेत, आणि एकाच संचाचे दोन किंवा चार भाग घातले तर वेगळा लाभही मिळतो. आवडती पण आकड्याने मागे पडलेली वस्तू ‘इन्फ्यूजन’ने वर आणता येते. जास्त पॉवरची वस्तू आणि थोडे साहित्य खर्ची घालायचे, की जुनी वस्तू तो आकडा घेते. ही सोय ठाऊक नसलेले नवखे खेळाडू चांगली शस्त्रे मोडीत काढून बसतात.

सामानाची मांडामांड हा खेळाचा मोठा भाग असल्याने ‘डेस्टिनी आयटम मॅनेजर’ हे खेळाडूंनी बनवलेले मोफत साधन सर्रास वापरले जाते. त्यात तिजोरीतल्या वस्तूंची तुलना होते आणि त्या एका पात्राकडून दुसऱ्याकडे पाठवता येतात.

आज नव्याने खेळू लागणाऱ्याने पॉवरच्या मागे धावू नये. मोहीम खेळताना ती आपोआप वाढते. आपल्या वर्गाचे एक उपयोगी एक्झॉटिक चिलखत आणि हातात बसलेली एक बंदूक आधी मिळवावी, आणि कोणतीही वस्तू मोडण्यापूर्वी तिचे पर्क वाचावेत.