बेस गिटार ॲम्प्लिफायर

बेस गिटार ॲम्प्लिफायर (संक्षेपाने बेस ॲम्प) हे बेस गिटार, डबल बेस यांसारख्या खर्जातील वाद्यांपासून मिळणारा क्षीण विद्युत संकेत वाढवून तो ध्वनिरूपात ऐकविणारे उपकरण होय. पूर्वप्रवर्धक (प्रीॲम्प), शक्तिप्रवर्धक (पॉवर ॲम्प) आणि एक वा अधिक स्पीकर बसविलेली पेटी (कॅबिनेट) हे त्याचे तीन प्रमुख घटक आहेत. ड्रम व विद्युत गिटार मोठ्या आवाजात वाजत असलेल्या रॉक वाद्यवृंदात बेसचा स्वर स्पष्ट ऐकू येणे ही या उपकरणाची सर्वांत कठीण कसोटी मानली जाते. अशा वापरासाठी ॲम्प निवडताना केवळ वॅटचा आकडा पाहून भागत नाही. स्पीकरची संवेदनशीलता, पेटीची रचना, संरोध, वजन, विजेची सुरक्षितता आणि वादकाच्या कानांचे आरोग्य यांचाही विचार करावा लागतो.

इतिहास

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जॅझ आणि नृत्यसंगीताच्या वाद्यवृंदांत डबल बेसचा आवाज ब्रास वाद्यांच्या गदारोळात बुडून जात असे. अमेरिकेतील सिॲटल येथील पॉल टटमार्क यांनी १९३०च्या दशकात पडदे असलेली विद्युत बेस गिटार बनविली, परंतु तिचा प्रसार झाला नाही. १९५१ मध्ये लिओ फेंडर यांची 'प्रिसिजन बेस' बाजारात आली आणि तिच्या जोडीला १९५२ मध्ये फेंडर कंपनीने 'बेसमन' हा ॲम्प काढला. प्रारंभी त्यात १५ इंची एकच स्पीकर होता. पुढे चार १० इंची स्पीकरांची आवृत्ती निघाली. ही आवृत्ती बेसवादकांपेक्षा गिटारवादकांनाच अधिक भावली. लंडनमध्ये जिम मार्शल यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी आपला पहिला ॲम्प याच मंडलरचनेच्या आधारे बनविला.

एव्हरेट हल यांच्या 'ॲम्पेग' कंपनीचा उगमही याच गरजेतून झाला. डबल बेसच्या पायाच्या खुंटीत मायक्रोफोन बसविण्याची त्यांची कल्पना होती, आणि 'प्रवर्धित खुंटी' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या संक्षेपातून कंपनीचे नाव पडले. १९६० मध्ये आलेल्या 'पोर्टाफ्लेक्स बी-१५' या ॲम्पचे हेड उलटे करून पेटीतच ठेवता येत असे. मोटाउन ध्वनिमुद्रणांतील बेसवादक जेम्स जेमरसन हा ॲम्प वापरीत.

१९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात रॉक संगीताच्या सभागृहांचा आकार वाढला, १०० वॅटचे गिटार ॲम्प रूढ झाले आणि २५-३० वॅटचे बेस ॲम्प अपुरे पडू लागले. 'द हू' या ब्रिटिश वाद्यवृंदातील बेसवादक जॉन एंटविसल आणि गिटारवादक पीट टाउनशेंड यांच्यात तर अधिकाधिक मोठ्या ॲम्पांची चढाओढच लागली होती. १९६९ मध्ये ॲम्पेगने 'एसव्हीटी' हा ३०० वॅटचा व्हॉल्व्हचा ॲम्प सादर केला. त्यात एकूण चौदा व्हॉल्व्ह होते आणि त्याला आठ १० इंची स्पीकर असलेल्या दोन बंद पेट्या जोडल्या जात. 'रोलिंग स्टोन्स'च्या त्या वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात हे ॲम्प वापरले गेले. त्याच सुमारास ट्रान्झिस्टरवर चालणारा 'अकूस्टिक ३६०' हा ॲम्पही लोकप्रिय झाला. १८ इंची स्पीकरची त्याची पेटी पुढे जाको पास्टोरियस यांच्या वादनामुळे विशेष ओळखली गेली.

खर्जाची अडचण

चार तारांच्या बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेची मूळ वारंवारता सुमारे ४१ हर्ट्झ असते. पाच तारांच्या बेसमध्ये ती ३१ हर्ट्झपर्यंत उतरते. गिटारची जाड तार याच्या दुप्पट, म्हणजे सुमारे ८२ हर्ट्झला वाजते. वारंवारता निम्मी झाली की तेवढाच ध्वनिदाब निर्माण करण्यासाठी स्पीकरच्या शंकूला चौपट हवा हलवावी लागते. त्यातच मानवी कान खालच्या वारंवारतांना कमी संवेदनशील असतो. या दोन कारणांमुळे ५० वॅटच्या गिटार ॲम्पच्या बरोबरीने ऐकू येण्यासाठी बेसला त्याच्या कितीतरी पट शक्ती आणि स्पीकरचे अधिक क्षेत्रफळ लागते. बेस गिटार साध्या गिटार ॲम्पला जोडून मोठ्याने वाजविल्यास त्याचा स्पीकर फाटण्याचा धोका असतो, तो यामुळेच.

निवडीचे निकष

शक्ती आणि संवेदनशीलता

शक्ती दुप्पट केल्यास ध्वनिपातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. आवाज 'दुप्पट मोठा' भासण्यासाठी सुमारे १० डेसिबलची वाढ, म्हणजेच दहापट शक्ती लागते. म्हणून ३०० वॅटच्या जागी ६०० वॅटचा ॲम्प घेतल्याने अपेक्षेइतका फरक पडत नाही. याउलट स्पीकरपेटीची संवेदनशीलता (एक वॅट शक्तीला एक मीटर अंतरावर मिळणारी ध्वनिपातळी) निर्णायक ठरते. ९७ डेसिबल संवेदनशीलतेच्या पेटीला ४०० वॅट देऊन जो आवाज मिळतो, तोच १०० डेसिबलच्या पेटीला २०० वॅटमध्ये मिळतो. सर्वसाधारणपणे जोरकस ड्रमवादक आणि दोन गिटार असलेल्या वाद्यवृंदासाठी ३०० ते ५०० वॅटचा ॲम्प आणि चार ते आठ १० इंची स्पीकर, किंवा तितक्याच क्षेत्रफळाचे मोठे स्पीकर पुरेसे समजले जातात.

व्हॉल्व्हचे वॅट ट्रान्झिस्टरच्या वॅटपेक्षा 'मोठे' असतात असा समज प्रचलित आहे. वस्तुतः वॅट हे एकक दोन्हीकडे सारखेच आहे. फरक इतकाच की व्हॉल्व्हचा ॲम्प मर्यादेपलीकडे नेला असता संकेताची टोके हळूहळू दबतात आणि हे विरूपण कानाला मधुर वाटते, त्यामुळे तो अधिक ताणून वापरता येतो. बहुतेक ट्रान्झिस्टर ॲम्पमध्ये तीच टोके एकाएकी छाटली जातात व कर्कशपणा येतो. यासाठी अशा ॲम्पमध्ये शक्तीची शिल्लक अधिक ठेवावी लागते.

संरोध

स्पीकरपेट्यांचा संरोध (इम्पिडन्स) बहुधा ८ किंवा ४ ओहम असतो. ८ ओहमच्या दोन पेट्या समांतर जोडल्यास एकूण संरोध ४ ओहम होतो. ४ ओहमच्या दोन पेट्यांचा २ ओहम होतो. ट्रान्झिस्टर ॲम्पला त्याच्या किमान मर्यादेपेक्षा कमी संरोध जोडल्यास तो तापून बंद पडतो किंवा निकामी होतो. व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये मागील निवडखटका पेटीच्या संरोधाशी जुळविणे आवश्यक असते. स्पीकर न जोडता असा ॲम्प चालविल्यास त्याचा निर्गम ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. ॲम्प आणि पेटी यांमधील तार स्पीकरसाठीचीच जाड तार असावी. वाद्यासाठीची पातळ तार तेथे वापरू नये.

प्रथम ८ ओहमची एक पेटी घेऊन पुढे तशीच दुसरी जोडणे हा काटकसरीचा मार्ग आहे. दुसरी पेटी जोडल्यावर ट्रान्झिस्टर ॲम्पमधून अधिक शक्ती मिळते आणि स्पीकरचे क्षेत्रफळही दुप्पट होते. या दोहोंचा मिळून परिणाम सुमारे ६ डेसिबलपर्यंत जातो. तेवढी वाढ केवळ ॲम्प बदलून साधायची तर चौपट शक्तीचा ॲम्प घ्यावा लागेल.

स्पीकर आणि पेटी

१० इंची स्पीकर चपळ आणि १५ इंची स्पीकर खोल आवाजाचा, हा ढोबळ समज नेहमीच खरा ठरत नाही. स्पीकरची घडण व पेटीची रचना त्याच्या व्यासाइतकीच महत्त्वाची असते. बंद पेटीत खर्ज हळूहळू उतरत जातो आणि आवाज घट्ट राहतो. छिद्र (पोर्ट) असलेली पेटी ठरावीक वारंवारतेजवळ अधिक कार्यक्षम असते, पण त्याखाली शंकूवरील हवेचा आधार सुटून तो प्रमाणाबाहेर हलतो. त्यामुळे अतिखर्ज वाढवून मोठ्या आवाजात वाजविल्यास स्पीकरची हानी संभवते. अतिखर्ज गाळणारा फिल्टर लावल्यास आवाजात फारसा फरक न जाणवता स्पीकरवरील ताण कमी होतो.

उंच पेटीचा एक व्यावहारिक लाभ असा की तिचे वरचे स्पीकर वादकाच्या कानाजवळ येतात. दोन लहान पेट्या शेजारी न ठेवता एकावर एक ठेवण्याची शिफारस याच कारणासाठी केली जाते. पायाशी ठेवलेल्या छोट्या कॉम्बोचा आवाज वादकाच्या गुडघ्यांवर आदळतो. तो स्वतःला ऐकू येत नाही म्हणून वादक आवाज वाढवितो, आणि समोरच्या श्रोत्यांना मात्र तो असह्य होतो.

स्वरगुण

दुकानात किंवा घरी एकट्याने वाजविताना भरदार खर्ज आणि चमकदार तार सप्तक मोहक वाटतात. वाद्यवृंदात मात्र खर्जाची जागा बेस ड्रमने आणि वरची जागा झांजा व गिटार यांनी व्यापलेली असते. बेसचा स्वर ओळखू येतो तो प्रामुख्याने सुमारे २५० ते ८०० हर्ट्झ या मधल्या पट्ट्यामुळे. आवाज बुडत असल्यास खर्ज वाढविण्याऐवजी तो किंचित कमी करून मधला पट्टा वाढविणे अधिक उपयुक्त ठरते. 'मोटरहेड'चे लेमी हे मधल्या पट्ट्यावर भर देऊन विरूपित आवाजात वाजविणाऱ्या बेसवादकांचे ठळक उदाहरण होय. ॲम्पची परीक्षा शक्यतो स्वतःच्या वाद्यासह आणि पूर्ण वाद्यवृंदासोबत घ्यावी.

वजन

व्हॉल्व्हच्या ३०० वॅट हेडचे वजन सुमारे ४० किलो, तर आठ स्पीकरांच्या पारंपरिक पेटीचे ६० किलोहून अधिक भरते. 'डी' वर्गाचे प्रवर्धक आणि स्विचिंग वीजपुरवठा यांमुळे ५०० वॅटची हेड दोन-तीन किलोंची झाली आहेत. निओडिमियम चुंबकांच्या स्पीकरांनी पेट्याही हलक्या केल्या आहेत. जिना चढून सरावाच्या खोलीत सामान नेणाऱ्या किंवा लोकल गाडीने प्रवास करणाऱ्या वादकाच्या दृष्टीने हा निकष गौण नाही.

मंचावरील वापर

मोठ्या कार्यक्रमांत श्रोत्यांपर्यंत बेसचा आवाज सभागृहाच्या ध्वनियंत्रणेतून पोहोचतो. त्यासाठी ॲम्पवरील डीआय जोडणीतून संकेत थेट मिक्सरकडे नेतात, आणि ॲम्पचे काम वादक व सहवादक यांना ऐकविण्यापुरते उरते. ज्या लहान जागी ध्वनियंत्रणेतून केवळ गायन जाते, तेथे मात्र संपूर्ण भार ॲम्पवर पडतो. ध्वनियंत्रणा आणि ॲम्प भाड्याने मिळत असतील, तर वादकाने स्वतःचे लहान हेड किंवा प्रीॲम्प बाळगून पेटी तेथली वापरणे सोयीचे असते. पेटी भिंतीच्या कोपऱ्यात ठेवल्यास खर्ज फुगतो. पोकळ लाकडी मंच गुंजत असल्यास ती जमिनीपासून उचलून ठेवतात.

विजेची सुरक्षितता

भारतातील घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा आहे. अमेरिकेतील १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा. अमेरिकेतून आणलेला ॲम्प थेट जोडल्यास तो जळण्याची शक्यता असते. त्यावरील व्होल्टेजची नोंद तपासून, आवश्यक तर पुरेशा क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर वापरावा. गुणगुण थांबविण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढणे जिवावर बेतू शकते, कारण वादकाच्या हातातील तारा ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याशी विद्युतदृष्ट्या जोडलेल्या असतात. 'स्टोन द क्रोज' या वाद्यवृंदाचे गिटारवादक लेस हार्वी यांचा १९७२ मध्ये वेल्समधील स्वान्सी येथे अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला स्पर्श होऊन मंचावरच मृत्यू झाला. बंद ठेवलेल्या व्हॉल्व्ह ॲम्पच्या धारित्रांतही धोकादायक विद्युतभार शिल्लक राहू शकतो. त्याची दुरुस्ती जाणकारानेच करावी.

श्रवणावरील परिणाम

ध्वनिपातळी ८५ डेसिबल असताना दिवसाला ८ तास ही व्यावसायिक आरोग्यशास्त्रात सर्वसाधारणपणे सुरक्षिततेची मर्यादा धरतात. प्रत्येक ३ डेसिबल वाढीला हा काळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला तो केवळ १५ मिनिटे उरतो. जोरदार सराव ही पातळी सहज ओलांडतो. 'द हू'च्या लंडनमधील चार्लटन येथील १९७६च्या कार्यक्रमात ३२ मीटर अंतरावर १२६ डेसिबलची नोंद झाली व ती गिनेस बुकात आली. श्रवणहानीला उत्तेजन मिळू नये म्हणून तो प्रकारच पुढे बंद करण्यात आला. याच वाद्यवृंदातील टाउनशेंड आणि एंटविसल या दोघांच्याही श्रवणशक्तीवर पुढील आयुष्यात परिणाम झाला. कानात घालावयाचे संगीतकारांसाठीचे बोळे (इअरप्लग) आणि एकूण आवाज मर्यादित ठेवण्याची शिस्त हे यावरील उपाय आहेत. बेसचा ॲम्प वाढविण्यापूर्वी गिटारचे ॲम्प कमी करता येतात का, हे पाहणे म्हणूनच अधिक शहाणपणाचे ठरते.

भारतात ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मानके आहेत. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक वापरण्यावर निर्बंध असून, खुल्या मैदानावरील कार्यक्रमांना ते बंधनकारक आहेत.

हेही पाहा

बेस गिटार
डबल बेस
डेसिबल
ध्वनिप्रदूषण
रॉक संगीत