हुकमावर किल्ला उभा राहत नाही

मुरुडच्या किनाऱ्यावरून पद्मदुर्गाकडे बोट दाखवत हमखास सांगितलं जातं, की शिवाजी महाराजांनी मनात आणलं आणि भर समुद्रात किल्ला उभा राहिला. शिकलेली मंडळी हेच जरा भारदस्तपणे मांडतात: जुनी बांधकामं हुकमावर आणि वेठीवर चालत, आधी अंदाज, मग मंजुरी, मग खर्च ही रीत इंग्रजांच्या बांधकाम खात्याने आणली. दोन्ही मतं कागद न पाहता बनलेली आहेत.

१६७१-७२ च्या सुमाराचा गडांच्या इमारतींचा जाबता, म्हणजे नेमलेल्या खर्चाची यादी, उपलब्ध आहे. एकूण तरतूद १,७५,००० होन. पैकी ५०,००० एकट्या रायगडाला. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग यांना दहा-दहा हजार, सुधागडाला ५,०००, सरसगडाला २,०००. आणि 'किरकोळ' म्हणून ७,००० वेगळे! ज्याने एकदा तरी घर बांधलंय, त्याला ही ओळ लिहिणारा कारकून आपलाच वाटेल.

'ही नुसती तरतूद. झालेल्या खर्चाचा हिशेब कुठे आहे?' आक्षेप रास्त आहे. कुठला तट केवढ्याला पडला, हे या आकड्यांवरून कळत नाही. पण वाद शिस्त होती की नव्हती याचा आहे, आणि गडागणिक रक्कम आधी नेमणं हीच ती शिस्त.

ती मोडली की काय होई, हे पद्मदुर्गाच्या बाबतीत दिसतं. प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याने आरमाराचे सरदार दर्यासारंग आणि दौलतखान यांना नेमलेली रोकड आणि धान्य पोचवलं नाही. जानेवारी १६७५ मध्ये महाराजांचं खरमरीत पत्र गेलं: जंजिऱ्याच्या सिद्दीने तुला फितवलं असेल, ब्राह्मण म्हणून मुलाहिजा होणार नाही. हे पत्र आपण करड्या न्यायाचा नमुना म्हणून वाचतो. बांधकाम करणाऱ्याच्या नजरेने वाचलं, तर त्यात अडकलेला हप्ता दिसतो. समोर जंजिरा. सिद्दीचा उपद्रव रोजचा. त्याला आरमाराने थोपवलं तरच गवंड्याचा हात चालणार, आणि आरमाराचं पोट मात्र आजच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका सुभ्याच्या वसुलावर. तिथून दाणा आला नाही, की इथे चिरा चढत नाही.

हुकूम तर जिवाजीलाही होताच. अडलं ते रोकड आणि धान्य न पोचल्याने.