मॅटी डिलेन यांची नोकरी

चळवळीचा इतिहास सांगताना आपण परिषदा, मोर्चे आणि खटले मोजतो. त्या दिवसांत घरातली चूल कोणाच्या पगारावर पेटत होती, हे विचारत नाही. शत्रू मात्र हा हिशेब आधी करतो. अमेरिकेतील एका खेड्यातल्या पाळकाच्या पत्नीची हकिकत आम्ही यासाठीच मांडत आहोत.

रेव्हरंड जोसेफ डिलेन हे आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चचे पाळक. गोऱ्यांच्या मेथडिस्ट चर्चमध्ये काळ्यांना प्रार्थना चालू असताना उठवले गेले. त्या अपमानातून रिचर्ड ॲलन यांच्या नेतृत्वाखाली १८१६ साली हे स्वतंत्र चर्च उभे राहिले. काळाराम मंदिराचा सत्याग्रह करणाऱ्या समाजाला हा अपमान वेगळा समजावून सांगायला नको.

मेथडिस्ट पाळकाची नेमणूक बिशप करतो. बदली झाली की बिऱ्हाड हलवायचे. खेड्यातल्या गरीब सभासदांकडून मिळून मिळून किती मिळणार? डिलेन शाळेतही शिकवत. त्यांच्या पत्नी मॅटी याही शिक्षिका होत्या.

साउथ कॅरोलिनाच्या क्लॅरेंडन काउंटीत तेव्हा गोऱ्या मुलांसाठी ३० शाळेच्या बस होत्या, काळ्या मुलांसाठी एकही नव्हती. १९४९-५० मध्ये गोऱ्या मुलामागे १७९ डॉलर खर्च होत, काळ्या मुलामागे ४३. डिलेन यांनी पालकांना संघटित केले. त्यातून ‘ब्रिग्ज विरुद्ध इलियट’ हा खटला उभा राहिला. १९५४ मध्ये शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या ‘ब्राऊन’ निकालात जे खटले एकत्र केले होते, त्यांपैकी हा एक.

गोऱ्यांनी उत्तर कसे दिले? आधी पोटावर मारले. डिलेन यांची शिक्षकाची नोकरी गेली, मॅटी यांचीही गेली. अर्जदार हॅरी ब्रिग्ज पेट्रोल पंपावर कामाला होते, त्यांना काढले; मोटेलमध्ये काम करणाऱ्या त्यांच्या पत्नी एलायझा यांनाही काढले. १९५१ मध्ये डिलेन कुटुंबाचे समर्टनचे घर जळाले. अग्निशमन दल आले आणि घर हद्दीबाहेर आहे असे सांगून बघत उभे राहिले. १९५५ मध्ये लेक सिटीतले त्यांचे चर्च जाळले, मग घरावर गोळ्या झाडल्या. डिलेन यांनी उलट गोळीबार केला आणि त्यांना राज्य सोडावे लागले. त्यांच्यावरचे वॉरंट रद्द व्हायला २००० साल उजाडले. तोवर त्यांच्या मृत्यूला २६ वर्षे झाली होती.

महाडनंतर आपल्या माणसांवर गावोगाव बहिष्कार पडला, त्याचे तंत्र हेच. काम बंद, उधारी बंद, वाट बंद.

२००४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने या लढ्यासाठी मरणोत्तर सुवर्णपदके दिली: जोसेफ डिलेन, हॅरी आणि एलायझा ब्रिग्ज, लेव्ही पिअर्सन. या यादीत मॅटी यांचे नाव नाही.

कोणी म्हणेल, लढा नवऱ्याचा होता, तिने फक्त सोसले. आम्हाला हे मान्य नाही. तिची नोकरी काढून घेतल्याशिवाय हे घर मोडणार नाही, हे ज्यांनी ओळखले त्यांनी तिला लढ्यातलीच मानले होते. शत्रूला जे दिसले, ते इतिहासाला का दिसू नये?

ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ लिहून आपल्याकडची ही नोंद सुरू केली. ती पुढे नेणे आपल्या पिढीचे काम आहे. आपल्या वस्तीतल्या जुन्या कार्यकर्त्याची मुलाखत घ्यायला जाल, तेव्हा आधी स्वयंपाकघरात जाऊन बसा. तो सभेला जायचा तेव्हा घर कसे चालायचे, ते तिला विचारा आणि तिच्या नावानिशी लिहून ठेवा.

जय भीम!