नावातच उत्तर होतं : घरातल्या ऑर्किडची दोनशे वर्षांची गोष्ट

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं शब्दांकन. बोलताना जसं आलं, जवळजवळ तसंच ठेवलंय.)



आजचा भाग एका खुनापासून सुरू करतो. आणि खुनी मीच आहे.

झालं असं, की घराच्या वास्तुशांतीला आत्यानं एक कुंडी दिली. लांब, कमानीसारखा वाकलेला दांडा आणि त्यावर ओळीनं बसलेली पांढरी फुलं. हॉटेलच्या रिसेप्शनवर, दवाखान्याच्या काउंटरवर, कुणाच्या तरी इन्स्टावर तुम्ही ती नक्की पाहिलीयेत. तेच ते, मॉथ ऑर्किड. शास्त्रीय नाव फॅलेनॉप्सिस. मी काय केलं? मूळ कुंडीत मातीच नाही, नुसते सालींचे तुकडे, हे बघून मला त्या झाडाची दया आली. छान लाल माती आणली, शेणखत घातलं, चकचकीत चिनीमातीच्या कुंडीत ते लावलं आणि रोज सकाळी तांब्याभर पाणी घातलं. कुंडीला खाली भोक नव्हतं. दीड महिन्यात पानं पिवळी, मुळं काळी, खेळ खलास. आत्याचा फोन आला, "काय रे, माझं फूल कसं आहे?" मी म्हटलं, "मजेत आहे गं."

नंतर वाचायला बसलो तेव्हा कळलं, की या फुलाला प्रेमानं मारण्याची एक मोठी परंपरा आहे. त्यात सरदार-उमराव आहेत, मोठमोठे शास्त्रज्ञ आहेत. आज त्यांचीच गोष्ट. आणि गंमत म्हणजे, यातल्या बऱ्याचशा चुकांचं उत्तर पहिल्या दिवसापासून समोर होतं.

आंधळा माणूस आणि झाडावरचं फूल

चला, इंडोनेशियात. अंबोन नावाचं बेट. सतराव्या शतकात इथं डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत एक जर्मन माणूस होता, गेऑर्ग रुम्फियस. कामधंदा कंपनीचा, पण जीव सगळा झाडांत. स्थानिक लोकांना विचारून विचारून तो बेटांवरच्या वनस्पतींची नोंद करत होता. १६७० मध्ये त्याची दृष्टी गेली. १६७४ च्या भूकंपात बायको आणि मुलगी गेली. १६८७ मध्ये आग लागून चित्रं जळाली. हस्तलिखित युरोपला पाठवलं, तर १६९२ मध्ये ते जहाज बुडालं. नशीब की एक नक्कल मागे ठेवलेली होती. तो १७०२ मध्ये गेला आणि पुस्तक छापून यायला १७४१ उजाडलं!

या पुस्तकात आपलं पांढरं फूल आहे. आणि रुम्फियसनं ऑर्किडबद्दल काय लिहिलंय? की ही वनस्पतींमधली खानदानी मंडळी. जमिनीवर राहणं यांना मंजूर नाही, उंच झाडांवरच बसणार.

हे लक्षात ठेवा. झाडावर. मातीत नाही.

पुढे १७५२ मध्ये पेहर ओसबेक नावाच्या स्वीडिश धर्मगुरूनं जावाहून याचा एक नमुना नेला आणि १७५३ मध्ये लिनियसनं त्याचं बारसं केलं : एपिडेंड्रम अमाबिले. अमाबिले म्हणजे गोड, लोभस. आणि एपिडेंड्रम म्हणजे? 'झाडावरचं'. नावातच लिहिलं होतं, राव!

'मॉथ' हे नाव कुठून आलं? १८२५ मध्ये कार्ल ब्लूम या वनस्पतिशास्त्रज्ञानं फॅलेनॉप्सिस ही वेगळी प्रजाती मांडली. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ पतंगासारखं दिसणारं. पतंग म्हणजे उडवायचा नाही, दिव्याभोवती घिरट्या घालणारा. अशी गोष्ट सांगतात, की संध्याकाळी जंगलात दुर्बिणीतून बघताना त्याला वाटलं, पांढऱ्या पतंगांचा थवा बसलाय. आज इंडोनेशियात याला 'आंग्ग्रेक बुलान' म्हणतात, म्हणजे चंद्र-ऑर्किड. १९९३ पासून ते तिथल्या राष्ट्रीय फुलांपैकी एक आहे.

वाफेची कोठडी

आता इंग्लंड, साधारण १८३० चं. श्रीमंतांना ऑर्किडचं वेड लागलेलं. नाजूक रोपं महिनोनमहिने जहाजावर टिकायची कशी? तर नॅथॅनियल वॉर्ड या लंडनच्या डॉक्टरला त्याचं उत्तर अपघातानं सापडलं. १८२९ मध्ये त्यानं पतंगाचा कोष बंद बाटलीत ठेवला होता आणि त्या बाटलीतल्या ओल्या मातीत एक नेचा आपोआप उगवला. त्यातून काचेच्या बंद पेट्या आल्या आणि जगभरची झाडं त्यांतून समुद्रापार जाऊ लागली.

पण इंग्लंडात पोचल्यावर काय? लोकांच्या डोक्यात एकच चित्र : उष्ण देश म्हणजे उकाडा, दमटपणा, अंधारं जंगल. १८३० मध्ये जॉन लिंडलीसारख्या मोठ्या अभ्यासकानंही सल्ला दिला, की भरपूर उष्णता, भरपूर ओल, गर्द सावली. मग काचघरांत कोळशाची भट्टी पेटवायची, तापलेल्या नळांवर पाणी मारून वाफ काढायची आणि खिडक्या बंद. कातडी कमावून उरलेली झाडाची साल आंबताना गरम होते, तर कुंड्या त्यातच पुरायच्या. नाव काय होतं माहितीये? 'स्टोव्ह'! आपण कांदापोहे करतो तो. आणि ऑर्किडं पटापट मरत होती.

यात एक बारकावा आहे. डोंगरातल्या थंड हवेची ऑर्किडं उकाड्यानं मेली, हे खरं. पण मॉथ ऑर्किडला उष्णतेचा तितका त्रास नाही. त्याला नडते ती कोंडलेली हवा आणि सतत भिजलेली मुळं.

हे बदलायला सुरुवात केली चॅट्सवर्थच्या जोसेफ पॅक्स्टननं. हाच पुढे १८५१ चा क्रिस्टल पॅलेस बांधणारा. तो होता ड्यूक ऑफ डेव्हनशायरचा मुख्य माळी. १८३५ मध्ये त्यानं जॉन गिबसन या तरुण माळ्याला भारतात पाठवलं, आणि गिबसननं आपल्या खासी टेकड्यांमधून ढीगभर ऑर्किडं नेली. पॅक्स्टननं प्रत्येकाच्या मूळ जागेचा विचार करून वेगवेगळ्या तापमानाची काचघरं केली, हवा खेळती ठेवली, पाण्याचा निचरा सुधारला. म्हणजे काय, तर झाड मुळात राहतं कुठं, हे आधी विचारलं.

या हौसेची किंमत

पण काचघरात मरणाऱ्या प्रत्येक रोपाच्या जागी नवं रोप जंगलातूनच यायचं. आणि इथं ही गोष्ट गमतीची राहत नाही.

अल्बर्ट मिलिकन नावाचा ऑर्किड गोळा करणारा माणूस होता. त्याच्या १८९१ च्या पुस्तकात तोच सांगतो, की कोलंबियात दोन महिन्यांत सुमारे १०,००० रोपं मिळवली आणि त्यासाठी सुमारे ४,००० झाडं तोडली. ऑर्किडं उंच फांद्यांवर, चढणार कोण? पाडा झाड. ही मॉथ ऑर्किडं नव्हती, पण धंद्याची रीत हीच. इंग्लंडात कुणीतरी चुकीचं पाणी घालत होतं आणि त्याचा हिशेब दूरच्या जंगलात चुकता होत होता.

मग बियांपासून का नाही वाढवली? प्रयत्न झाले. इंग्लंडच्या व्हीच नर्सरीत जॉन सीडननं दोन मॉथ ऑर्किडांचा संकर केला, त्याला १८८६ मध्ये फूल आलं. मॉथ ऑर्किडचा माणसानं केलेला हा पहिला संकर. पण बी रुजणं म्हणजे लॉटरी. ऑर्किडच्या एका शेंगेत लाखो बिया असतात, धुळीसारख्या. त्यांत साठवलेलं अन्नच नसतं. डबा न घेता शाळेत पाठवलेली पोरं!

त्यांना डबा देतं कोण, हे १८९९ मध्ये नोएल बर्नार या तरुण फ्रेंच शास्त्रज्ञाला फॉन्तेनब्लोच्या जंगलात कळलं. पानांच्या कचऱ्याखाली ऑर्किडच्या बिया रुजलेल्या दिसल्या आणि प्रत्येकीत बुरशी होती. ही बुरशीच बाळाला भरवते. पुढे १९२२ मध्ये अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या लुईस नडसननं दाखवलं, की काचेच्या बाटलीत साखर घातलेल्या अगारवर बुरशीशिवायही बी रुजतं. साखर! बस्स.

१९४९ मध्ये कॉर्नेलमध्येच गाविनो रोटोर या फिलिपिनो संशोधकानं फुलाच्या दांड्यावरच्या डोळ्यापासून बाटलीत हुबेहूब तसंच रोप तयार करायची पद्धत मांडली. म्हणजे आता जंगलात जायची गरज उरली नाही. १९८० च्या दशकात तैवानची सरकारी साखर कंपनी, साखरेचा धंदा मंदावल्यावर, मॉथ ऑर्किडच्या धंद्यात उतरली. साखरेवर रुजणारं फूल शेवटी साखरवाल्यांच्याच दारात आलं. आज तैवान आणि नेदरलँड्सच्या काचघरांत ही रोपं कारखान्यासारखी तयार होतात. म्हणून एकेकाळी ड्यूकला परवडणारं फूल आत्यानं मला दिलं.

मग आपण काय करायचं?

या इतिहासातूनच सगळं निघतं. 'झाडावरचं' हा शब्द धरून चला.

झाडावर माती नसते. म्हणून सालीचे तुकडे, कोळसा, नारळाची सोडणं. कुंडी पारदर्शक आणि भरपूर भोकांची. विकत आणलेल्या रोपाच्या मुळांभोवती कधीकधी शेवाळ घट्ट कोंबलेलं असतं. फुलं संपली की ते हलक्या हातानं काढा.

झाडावर पाऊस येतो आणि वाहून जातो. म्हणून रोज घोट-घोट नको. मुळं बघा. कोरडी असली की चंदेरी दिसतात, भिजली की हिरवी. चंदेरी झाली की भरपूर पाणी घाला आणि सगळं निथळू द्या. पानांच्या मधोमध पाणी साचू देऊ नका, तिथूनच कुजायला लागतं.

झाडावर ऊन पानांतून गाळून येतं. म्हणून पूर्वेची खिडकी, किंवा पातळ पडद्याआड.

आणि दुसऱ्यांदा फूल का येत नाही? हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. तापमान सतत २८ अंशांच्या वर राहिलं, तर हे झाड नुसती पानं काढत बसतं. काही आठवडे गारवा मिळाला की दांडा फुटतो. मुंबईकरांनो, तुमची ती दोन महिन्यांची गुलाबी थंडी इथं कामाला येते, खिडकी उघडी ठेवा. पुणे-नाशिकवाल्यांनो, रात्री पारा १५ च्या खाली गेला तर आत घ्या.

अजून एक. हे सगळं आपल्याला नवं असायचं कारणच नव्हतं. सह्याद्रीत पावसाच्या तोंडावर झाडावरून लोंबणारी सीतेची वेणी पाहिलीये? तीही ऑर्किडच, आपल्या मराठीत आमरी. आपण तिला बांडगूळ समजतो, पण ती झाडाचं काहीच खात नाही. फांदीवर नुसती बसते, पाऊस आणि हवा घेते. मी ट्रेकला जाऊन तिचे शंभर फोटो काढले होते. घरी येऊन तिच्या चुलत बहिणीला लाल मातीत पुरलं! आणि हो, ती वेणी फांदीवरून काढून घरी आणू नका. ऑर्किड हवंच असेल, तर बाटलीत जन्मलेलं घ्या.

गेल्या वर्षी मी दुसरी कुंडी आणली. जानेवारीत पानाच्या बगलेतून काहीतरी हिरवं डोकावलं. मला वाटलं मूळ, निघाला दांडा. आत्याला फोटो पाठवला आणि पहिल्या झाडाचं खरं काय ते सांगून टाकलं. ती म्हणाली, "अरे, माझीही दोन मेली होती. मी कुठं सांगितलं तुला?"

तर मंडळी, हा भाग थांबवलात की घरातली ती शोभेची कुंडी उचला आणि तळाशी पाणी साचलंय का बघा. साचलं असेल तर आधी ओतून द्या. भेटू पुढच्या भागात!