बारा हजारांची फियाट

लष्करात गाडी म्हातारी झाली की तिचं काय करायचं हे ठरवण्याची रीत साधी आहे. पाहणी होते, दुरुस्तीचा खर्च मांडला जातो आणि तो झेपणारा नसेल तर कागदावर तीन अक्षरं पडतात, बीईआर. बियॉन्ड इकॉनॉमिकल रिपेअर. मग लिलाव. वीस वर्षांच्या नोकरीत अशा कित्येक जीप, जोंगा आणि ट्रकांना मी सही करून निरोप दिला आहे. त्यामुळे गेल्या नोव्हेंबरात, देवदिवाळीची गर्दी ओसरल्यावर, वाराणसी छावणीजवळच्या एका जुन्या बंगल्याच्या पडवीत ती फियाट पाहिली तेव्हा माझ्या डोक्यात आधी तीच तीन अक्षरं आली.

गाडी १९६६ ची, फियाट ११०० डिलाइट. मालक एक निवृत्त कर्नल. ते वारून सहा वर्षं झाली होती आणि गाडी तेव्हापासून जागची हलली नव्हती. चारही टायर बसलेले, पत्र्याला बुडापासून गंज, मागच्या सीटखाली घुशीचं बीळ. भंगारवाल्याने वजनावर बावीस हजार सांगितले होते. कर्नलसाहेबांच्या पत्नींना मी सवयीने 'मॅम' म्हणालो, तर त्या म्हणाल्या, "मराठी आहेस ना? मग काकू म्हण."

काकूंचं माहेर ब्रह्माघाटावरचं. ज्यांनी काशी फक्त विश्वनाथापुरती पाहिली आहे त्यांच्यासाठी सांगतो: पंचगंगेच्या आसपास, दुर्गाघाट आणि ब्रह्माघाटाच्या गल्ल्यांतून पेशवाईपासून स्थायिक झालेली मराठी घरं आहेत. काकूंच्या मराठीत मधूनच बनारसी हेल येतो. त्यांच्या लहानपणी गल्लीत कोणाकडेच मोटार नव्हती. पैशाचा प्रश्न नंतरचा, आधी गल्लीत मोटार शिरायला तर हवी! समोरून बैल आला तर माणसालाच ओट्यावर चढावं लागतं.

बंगला उन्हाळ्यात विकला जाणार होता आणि काकू पुण्याला मुलीकडे जाणार होत्या. त्याआधी ११ जानेवारीला त्यांना याच गाडीतून रामनगरला जायचं होतं. खर्चाला साठ हजार रुपये होते आणि दोन अटी. "कर्ज काढायचं नाही. आणि तुझ्या वर्कशॉपमधून एक नटसुद्धा फुकट आणायचा नाही."

रामनगर का, आणि ११ जानेवारी का, हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

बनारसच्या पैलतीरावर रामनगर आहे. तिथला काशीनरेशांचा किल्ला पर्यटकांना ठाऊक असतो. त्याच्या संग्रहालयात पालख्या, हस्तिदंती वस्तू आणि राजघराण्याच्या जुन्या अमेरिकन मोटारी आहेत. तिथून जवळच एका गल्लीत लालबहादूर शास्त्रींचं साधं घर आहे. त्यांचा जन्म मुघलसरायचा, २ ऑक्टोबर १९०४ चा. वडील ते तान्हे असतानाच गेले. शाळा गंगेपलीकडे बनारसला होती. होडीचे पैसे नसले की मुलगा पोहून नदी पार करायचा, असं रामनगरला आजही सांगतात.

हा मुलगा जून १९६४ मध्ये पंतप्रधान झाला. तेव्हा त्याच्या घरी स्वतःची मोटार नव्हती. मुलं शाळेत टांग्याने जात. सरकारी गाडी होती, पण ती घरच्या कामाला वापरायची नाही असा दंडक. सुनील शास्त्रींनी सांगितलेली एक आठवण आहे. एकदा त्यांनी रात्री सरकारी शेव्हर्ले इम्पाला बाहेर काढली. वडिलांनी दुसऱ्या दिवशी चालकाला बोलावून गाडी किती किलोमीटर फिरली ते विचारलं आणि चौदा किलोमीटरचे पैसे घरून सरकारजमा करवले. आमच्याकडे कार डायरी आणि नॉन-ड्यूटीचं बिल हा कंटाळवाणा विषय आहे. तरुण अधिकारी त्यावर कुरकुर करतात, मीही करायचो. ही गोष्ट ऐकल्यापासून डायरी भरताना निदान कुरकुरत नाही.

शेवटी घरच्यांच्या आग्रहावरून शास्त्रीजींनी फियाट घ्यायचं ठरवलं. किंमत बारा हजार, बँकेत शिल्लक सात हजार. उरलेल्या पाच हजारांसाठी पंतप्रधानांनी पंजाब नॅशनल बँकेकडे कर्जाचा अर्ज केला. १९६४ चं मॉडेल, क्रमांक डीएलई ६. पुढच्याच वर्षी युद्ध झालं. १० जानेवारी १९६६ ला ताश्कंद करारावर सही झाली आणि ११ तारखेच्या पहाटे तिथेच शास्त्रीजी गेले. कर्ज अजून फिटलेलं नव्हतं. ललिताजींनी ते आपल्या पेन्शनमधून फेडलं. ती गाडी आज दिल्लीच्या शास्त्री स्मारकात उभी आहे.

आमचे कर्नलसाहेब १९६५ च्या युद्धात सेकंड लेफ्टनंट होते. ६ सप्टेंबरला लाहोर आघाडीवर आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडायचा हुकूम निघाला, त्यांची पलटण त्यात होती. तो हुकूम द्यायची छाती ज्या पाच फुटी माणसाने दाखवली त्याच्याबद्दल त्यांना आयुष्यभर भक्ती वाटत राहिली. १९७४ मध्ये मेजर असताना त्यांनी सेकंडहँड गाडी घेतली, तीही फियाटच, तीही कर्जावर. निवृत्तीनंतर बनारसला आल्यापासून दरवर्षी ११ जानेवारीला नवराबायको गाडीने रामनगरला जात, हिवाळ्यात गंगेवर बांधतात त्या पिप्यांच्या पुलावरून. पिप्यांवर फळ्या अशा खडखडायच्या की गाडीचा कोणता नट सैल आहे ते तिथेच कळायचं, असं काकू सांगतात.

आता या गाडीचं कूळ. आपल्याकडे फियाट म्हटलं की मुंबईची काळीपिवळी टॅक्सी आठवते आणि ती इटालियन होती हे लोक विसरतात. त्यामागे सोलापूरचा एक हट्टी माणूस होता, वालचंद हिराचंद. देशात मोटार बनली पाहिजे हा ध्यास आधी विश्वेश्वरय्यांनी घेतला, १९३० च्या दशकात त्यासाठी युरोप-अमेरिका पालथी घातली आणि कारखान्याची योजना मांडली. मुंबईच्या बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने पाठिंबा दिला. वालचंदांनी क्रायस्लरशी बोलणी केली. पण महायुद्ध सुरू झालं होतं आणि मोटारींचा कारखाना युद्धाला आवश्यक नाही असं दिल्लीच्या इंग्रज सरकारचं मत पडलं. त्याच काळात वालचंदांनी बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी केली, म्हणजे विमानाचा कारखाना आधी आणि मोटारीचा नंतर! प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये निघाली, कारखाना कुर्ल्याला. सुरुवात क्रायस्लरच्या गाड्यांनी झाली, मग फियाटशी करार झाला.

१९५३ मध्ये सरकारने धोरण ठरवलं की नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्यांनी इथे राहू नये, ज्यांना खरोखर गाडी बनवायची आहे त्यांनीच राहावं. फोर्ड आणि जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. मैदानात मोजके उरले आणि गिऱ्हाईक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबू लागलं. फियाटचं पहिलं रूप म्हणजे पुढचे दरवाजे उलटे उघडणारी, आपण जिला प्रेमाने 'डुक्कर फियाट' म्हणतो ती. १९६४ मध्ये डिलाइट आली. सत्तरीत तिचंच नाव आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झालं, आणि तोच सांगाडा, तेच १०८९ सीसीचं इंजिन, तोच स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा घेऊन ती थेट २००० सालापर्यंत निघत राहिली.

छत्तीस वर्षं एकच गाडी. लायसन्स-परमिटच्या काळाला शिव्या द्यायला याहून चांगलं उदाहरण नाही, आणि मीही दिल्या आहेत. पण जुनी गाडी उभी करणाऱ्या गरिबाला हे वरदान आहे. १९६६ च्या गाडीला १९९५ चे कितीतरी भाग बसतात. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. तोवरच्या हजारो टॅक्सींचे अवयव कुठे ना कुठे पडून आहेतच. खडकवासल्याचा माझा एक कोर्समेट मुंबईत असतो. त्याने भंगारबाजार पालथा घालून मास्टर सिलिंडर, दरवाज्याच्या कड्या आणि काचा उचलायचं यंत्र मिळवलं आणि पार्सल कुर्ल्याहून सुटणाऱ्या कामायनी एक्सप्रेसने पाठवलं. कुर्ल्यात जन्मलेल्या गाडीला कुर्ल्याचीच शिदोरी आली.

मिस्त्री सापडला मलदहियाकडे. सत्तरीचा, तोंडात पान, सगळ्यांना 'गुरू' म्हणणारा. मी बॉनेट उघडून इंजिनाकडे बघत होतो, तोवर तो जमिनीवर आडवा होऊन गाडीखाली गेला होता. "गुरू, इंजन छोडो, पहिले फर्श देखो." त्याचं खरं होतं. जीपला खाली वेगळी चासी असते, वरचा पत्रा सडला तरी गाडी उभी राहते. या फियाटला वेगळी चासी नाही, सगळा भार शरीरच उचलतं. बूड आणि दरवाज्यांखालचे खोके गंजले तर गाडी मधोमध वाकू शकते. म्हणून साठातले सतरा हजार दिसत नाहीत अशा जागी गेले, नवा पत्रा कापून वेल्डिंग करण्यात. रंगाला एक रुपयाही ठेवला नाही. हौशी लोक उलट करतात. आधी चकचकीत रंग काढतात, मग फोटो, आणि ब्रेकपर्यंत येईस्तोवर पैसे संपलेले असतात.

इंजिन मात्र अपेक्षेपेक्षा सज्जन निघालं. प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल सोडलं, दोन रात्री ठेवलं आणि तिसऱ्या सकाळी पुढच्या पुलीला पाना लावून हाताने फिरवलं. अडकलं, कुरकुरलं आणि फिरलं. हेड उतरवून व्हॉल्व्ह घासले, कार्ब्युरेटर आणि पेट्रोलपंपाचे रबरी पडदे बदलले. टाकीतून पेट्रोलऐवजी तपकिरी डिंक निघाला. नव्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घेतल्या, कारण आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि साठ वर्षांपूर्वीच्या रबराला त्याची सवय नाही.

एक चूक माझी. ब्रेकचे रबर मी स्वस्तातले आणले. तिसऱ्या दिवशी बंगल्याच्या आवारातच पेडल फरशीला टेकलं आणि गाडी तुळशीवृंदावनाच्या वीतभर अलीकडे थांबली, तीही हँडब्रेकने. नऊशे रुपये वाया. काकू काही बोलल्या नाहीत. आत जाऊन वही घेऊन आल्या आणि लिहून ठेवलं.

त्या वहीबद्दल सांगायला हवं. १९७४ मध्ये गाडी आली त्या दिवसापासूनचा हिशेब त्यात आहे. कर्जाचा हप्ता, पेट्रोल, पंक्चर. अरबांनी तेल महाग केल्यानंतरचे ते दिवस, त्यामुळे मधूनच नुसतं 'गाडी बंद' असं लिहिलेलं, महिना-महिना. १९८० मध्ये एका ओळीखाली दोन रेघा, 'कर्ज फिटले'. साहेब गेल्यावर पुढची पानं कोरी होती. आता त्याच वहीत, त्याच अक्षरात पण थोड्या थरथरत्या हाताने, 'पत्रा व वेल्डिंग १७,०००' आलं. नऊशेच्या पुढे त्यांनी कंसात लिहिलं होतं, 'शिकवणी'.

कागदपत्रांचाही एक पेच होता. पन्नास वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येतं, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं मिळतात. मला मोह झाला. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. रामनगरला देवदर्शनासारखं जायचं तर ती साधी मोटारच राहायला हवी होती. साहेबांनी नोंदणीची मुदत वेळच्या वेळी वाढवून ठेवली होती म्हणून निभावलं.

११ जानेवारीला बनारसमध्ये दहा हातांवरचं दिसत नव्हतं. चोक ओढून चौथ्या प्रयत्नाला गाडी सुरू झाली. मिस्त्री पाना आणि पाण्याची बाटली घेऊन मागे बसला, बोलावलं नव्हतं तरी. मी चालवत होतो, काकू शेजारी. आता सामनेघाटाजवळ पक्का पूल झाला आहे, पिप्यांची खडखड नाही. पुलावर मध्यावर काकूंनी काच खाली केली आणि धुक्याकडे कान लावून बसल्या. "दुसऱ्या गिअरला आवाज येतोय," त्या म्हणाल्या. येत होता. तो पूर्वीपासूनच आहे, असं मागून मिस्त्री म्हणाला.

शास्त्रीजींचं घर आता संग्रहालय आहे. गल्ली अरुंद, गाडी बाहेरच लावली. आत त्यांचं स्वयंपाकघर, खाट, चरखा अशा वस्तू मांडल्या आहेत. काकू ललिताजींच्या फोटोपुढे बराच वेळ उभ्या होत्या. बाहेर आलो तर चार पोरं फियाटभोवती जमली होती आणि मिस्त्री त्यांना गिअरचा दांडा दाखवत होता.

परत आल्यावर काकूंनी वही काढली. एकूण खर्च ५८,३००. उरले १,७००. गाडी आता पुण्याला न्यायची की इथेच कोणा चांगल्या माणसाला द्यायची, हे त्यांचं ठरलेलं नाही. उरलेल्या पैशांत उजवीकडचा वायपर बसवून घे, एवढं मात्र त्यांनी सांगितलं.