भांडणाचा कागद आणि प्रेमाची अट

परवा ओळखीतल्या एका ताईंनी स्टॅम्प पेपर दाखवला. घरातलं भांडण मिटवताना नवऱ्याने लिहून दिलेलं, 'दरमहा खर्चाला पैसे देईन.' दोन महिने दिले, मग बंद. ताईंनी विचारलं, "दादा, हा कागद कोर्टात चालेल का?"

मला सव्वाशे वर्षांपूर्वीचा एक खटला आठवला. साल 1900, कलकत्ता हायकोर्ट. राजलखी देबी विरुद्ध भूतनाथ मुखर्जी. नवरा-बायकोचं पटत नव्हतं. नवऱ्याने रीतसर नोंदणी करून लिहून दिलं की बायकोच्या वेगळ्या राहण्याचा आणि पोटगीचा खर्च मी देईन. पुढे प्रकरण कोर्टात गेलं आणि बाई हरल्या.

कारण काय? 1872 च्या करार कायद्याचं कलम 25. मोबदल्याशिवाय दिलेलं वचन बांधील नाही. जवळच्या नात्यात सूट आहे, पण वचन लेखी हवं, नोंदवलेलं हवं आणि नैसर्गिक प्रेमापोटी दिलेलं हवं. नातं होतं, लेख होता, नोंदणी होती. प्रेम मात्र नव्हतं, कारण आमच्यात भांडणं आहेत हे त्या कागदातच लिहिलेलं!

गंमत बघा, 1899 मध्ये आपल्या मुंबई हायकोर्टात भिवा विरुद्ध शिवराम हा दोन भावांचा खटला झाला. जमिनीवरून आधी कोर्टात भांडलेले. पण जिंकलेल्या भावाने नंतर समेटासाठी अर्धा हिस्सा नोंदणी करून लिहून दिला, तो कोर्टाने प्रेमापोटी दिलेला मानला. भाऊ भांडले तरी प्रेम उरतं, नवरा-बायको भांडले की संपतं? मला हे आजही पटत नाही. संसार सुरळीत असताना असे कागद करतं कोण?

पण ताईंना मी एवढंच सांगितलं, की घाबरू नका. पोटगीचा हक्क या कागदातून येत नाही, तो कायद्याने दिलाय. 2013 मध्ये नागेंद्रप्पा नाटीकर खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की 8,000 रुपये एकरकमी घेऊन 'पुढे काही मागणार नाही' अशी तडजोड केलेल्या पत्नीचाही पोटगीचा हक्क संपत नाही.

कागद फाडू नका, वकिलाला दाखवा. आणि एक लक्षात ठेवा. कलम 25 ची अट 'देईन' या शब्दाला आहे, खरोखर देऊन झालेल्या बक्षिसाला नाही. नवरा घर नावावर करतो म्हणाला, तर वचन नको, नोंदणीकृत बक्षीसपत्रच करून घ्या.